अवघड पाठी

मी मूळचा सोफेवाला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कुशनं शिवत आणि भरत हात तयार झाला. पुढे भाडं परवडलं म्हणून अंबरनाथच्या पालेगावात शेड घेतली. तेव्हा शेडच्या दारातून मलंगगड अख्खा दिसायचा, आता टॉवरांच्या फटीतून जेवढा दिसेल तेवढा. या शेडवर बदलापूरकडच्या एका फार्मवर घोडेस्वारी शिकवणारे सर एक दिवस इंग्लिश जीन घेऊन आले. माल कानपूरचा, कातडं उत्तम, पण खालच्या दोन गाद्यांतली लोकर घामाने घट्ट होऊन तिचे गोळे झालेले. "सोफे भरता ना, मग हेही भरा," म्हणाले. मी शिवण उसवली आणि त्या दिवसापासून या धंद्यात अडकलो.

जीन म्हणजे नुसतं कातडं, असं बाहेरच्याला वाटतं. आत सांगाडा असतो. पूर्वी तो लाकडाचा आणि पोलादी पट्ट्यांचा असे, आता बरेचदा फायबरचाही असतो. घोडेवाले त्याला सरळ ट्री म्हणतात. या सांगाड्याचं पुढचं टोक कमानीसारखं घोड्याच्या खांद्यांवरच्या उंचवट्याला ओलांडून दोन्ही बाजूंना उतरतं. रिकिबी सांगाड्याला लटकतात, तंगाचे पट्टे सांगाड्याला बांधलेले असतात. खाली दोन लांबट गाद्या आणि मधे मोकळी नाळ. पाठीचा कणा या नाळेखाली येतो, त्याला काहीही टेकायला नको. स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, जितकं पसरेल तितकं पसरवायचं, एवढंच सांगाड्याचं काम. पण सांगाडा ताठ असतो. कमान अरुंद निघाली तर खांद्यामागे चिमटा बसतो आणि रुंद निघाली तर अख्खी जीन खाली बसून उंचवट्यावर टेकते. दोन्हींत घोडाच सोसतो.

कानपूरच्या जिनांना भौगोलिक मानांकन आहे, परदेशात त्या बक्कळ जातात. त्यांचे साचे मात्र बहुतेक त्या परदेशी गिऱ्हाइकांच्या घोड्यांचे. आमच्याकडे येणारे घोडे साच्यात बसत नाहीत. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. त्याचा उंचवटा हाडकुळा आणि उंच, मागे दोन्ही बाजूंना स्नायू झडून खळगे पडलेले. काठेवाडी-मारवाडी रक्ताची मिश्र घोडी असते, अंगाने अरुंद. आणि त्याच फार्मवर तिसरं गोल पाठीचं तट्टू असतं, ज्याला उंचवटाच नाही. त्याच्यावर काहीही ठेवा, उतारावर मानेकडे सरकतं आणि वळणावर पोटाकडे. एकच जीन या तिघांवर फिरवली जाते. मग तिच्याखाली कोणी टॉवेल घालतं, कोणी स्पंज, कोणी चक्क योगा मॅट कापून.

मी प्रत्येक पाठीचं माप कागदावर उतरवतो. ड्राफ्ट्समन वापरतात ती लवचिक पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर वायरिंगची जाड तांब्याची केबलही चालते. खांद्याच्या पात्याच्या मागे दोन बोटं सोडून पहिलं माप, जिथे स्वार बसतो तिथे दुसरं, शेवटच्या बरगडीवर तिसरं. त्या बरगडीच्या मागे जीन जाता कामा नये, तिथून पुढे पाठीला आधार नाही. कणा सरळ आहे की खचलेला, हे लांबीचं चौथं माप सांगतं. कागदावर तारीख घालतो. ही तारीख फार कामाची, कारण पाठ एका जागी राहत नाही. पावसाळ्यात काम बंद म्हणून घोडा सुटतो, दिवाळीनंतर रोजच्या रपेटीने आवळतो, चंदी कमी पडली की उंचवट्यामागचे खळगे पहिल्यांदा दिसतात. जूनमधल्या मापावर भरलेली गादी जानेवारीत त्याच घोड्याला परकी होते.

माप घेतल्यावरही पाठ नीट सांगत नाही, घोडा सांगतो. तंग आवळताना कान मागे टाकणं, चावायला बघणं, रपेटीच्या सुरुवातीला पाठ वर उचलून आखडणं. घोडेवाले याला खोडी म्हणतात आणि चाबूक दाखवतात. जीन काढल्यावर घामाचा ठसा वाचायचा. मधे कोरडी नाळ आणि दोन्ही बाजूंना सारखी ओल, हे चांगलं. ओलीत मधेच कोरडा डाग दिसला की लोक म्हणतात इथे दाब पडतोय. खरं असेल, पण तिथे गादी टेकतच नसेल तरी डाग कोरडाच राहतो, म्हणून हात आत घालून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये. आणि उंचवट्याजवळ काळ्या घोड्यावर पांढरे केस आले असतील तर ती जुनी जखम. तिथली त्वचा एकदा मार खाऊन बसली आहे, केसांचा रंग परत येत नाही.

बिनसांगाड्याची, म्हणजे ट्रीलेस जीन माझ्याकडे आली ती बदलापूरच्या एका ताईंमुळे. त्यांची घोडी भीमथडी अंगाची: ठेंगणी, रुंद, पाठ पिंपासारखी. भीमथडीला आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नोंदवहीत स्वतंत्र जात म्हणून जागा मिळाली आहे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हा तिचा मुलूख आणि धनगरांच्या वाड्यांबरोबर सामान वाहणं हा तिचा जुना रोजगार. ताईंनी आधी तीन प्रकारच्या जिना घालून बघितल्या. रुंदातली रुंद कमान घातली तरी जीन पुढे सरकायची, म्हणून शेपटीखालून दुमची बांधली, तर दुमचीने शेपटीचं मूळ सोलवटलं. शेवटी त्यांनी जर्मनीच्या बेअरफूट कंपनीची जुनी ट्रीलेस जीन मिळवली आणि मला विचारलं, "दादा, ही घालू का?"

मी ती उलटी करून, दाबून, वाकवून पाहिली. आत ताठ काहीच नाही. समोरचा उंच भाग बदलता येतो, मऊ आहे. मागे थोडा उठाव. रिकिबी एका पट्ट्याला, तो पट्टा बैठकीवरून आडवा जाऊन पलीकडच्या रिकिबीला. आणि नाळ? नाळ जिनेतच नाही. ती खालच्या खास पॅडमध्ये, कण्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या किंवा नमद्याच्या पट्ट्या घालून तयार करावी लागते. म्हणजे ज्याला लोक 'सांगाडा नाही म्हणून मापाचा प्रश्नच नाही' म्हणतात, त्यात मापाचा प्रश्न जिनेतून निघून पॅडमध्ये गेलेला असतो. पॅड चुकीचं तर जीन थेट कण्यावर.

ताईंच्या घोडीला पॅड बरोबर झालं. खांदे मोकळे झाले, पावलं लांबली, पुढे सरकणं थांबलं. वर्षभराने मी तिची पाठ पुन्हा मोजली तेव्हा उंचवट्यामागे दोन्हीकडे भरलं होतं. पण या यशामागे काय काय होतं ते बघा. ताईंचं वजन कमी. घोडीवर त्यांच्याशिवाय कोणी बसत नाही. रपेट तासाभराची. बैठक तोललेली. आणि चढताना त्या जमिनीवरून रिकिबीत पाय घालून झोक देत नाहीत, फार्मवरच्या ओट्यावरून बसतात. नाहीतर गोल पाठीवर मऊ जीन एका झोक्यात कलते.

ही गोष्ट माथेरानला पोचली. माझं माथेरानचं काम दिवाळीच्या आधी असतं, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर. अंबरनाथहून कर्जत लोकलच्या मालडब्यात जिनांची पोती टाकायची. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथून पुढे मोटारीला बंदी आहे आणि म्हणूनच घोडा अजून आहे. तिथे चारशेच्या वर घोडे परवान्यावर चालतात. लाल मातीचा रस्ता, धुळीने तंग आणि गाद्या रंगतात, आणि जिथे पेव्हर ब्लॉक बसवले तिथे नाल घसरतात, ही घोडेवाल्यांची जुनी तक्रार. तिथले एक मामा, माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणाले, "त्या बदलापूरच्या बाईंची मऊ जीन आमच्या घोड्यांना शिवून द्या. पाठीच सुटतील."

मी सोफेवाला असल्यामुळे मला इथे एक गोष्ट ठाऊक होती जी घोड्याच्या माणसांना फारशी नसते. फोम बसतो. दुकानात हाताने दाबून मऊ लागणारा फोम माणूस बसल्यावर दोन हाडांखाली तळाला टेकतो. मग वर काही नसल्यासारखंच. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजारात दोन्हींची गल्लत करून माल विकतात. उल्हासनगरात तुकडे चिकटवून बनवलेला रिबॉन्डेड फोम मिळतो, तो सोफ्याच्या तळाला घालतात कारण तो सहज बसत नाही. माणसाचं वजन बसताना दोन नितंबहाडांवर उतरतं. ताठ सांगाडा ते उचलून लांब गाद्यांवर वाटतो. मऊ जिनेत वाटणारं कोणी नाही, जे काही करायचं ते त्या पॅडने.

मामांच्या एका गोल पाठीच्या घोड्यावर मी प्रयोग म्हणून मऊ जीन आणि स्वतः शिवलेलं पॅड ठेवलं. दिवसभर गिऱ्हाइकं नेली. संध्याकाळी हात फिरवला तर बैठकीच्या बरोबर खाली, कण्याच्या दोन्ही अंगांना, रुपयाएवढ्या जागी केस उलटे फिरले होते आणि घोडा तिथे बोट लागताच पाठ खाली टाकत होता. पुढची कमानीची जागा मात्र एकदम स्वच्छ. म्हणजे चिमटा गेला आणि ठोका आला.

याला प्रयोगशाळेचाही दाखला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीची जीन आणि ट्रीलेस जीन यांच्याखाली दाब मोजणारी चटई घालून, दुडक्या चालीत बसून राहणाऱ्या स्वाराखाली तुलना केली. तो निबंध २०१२ मध्ये छापून आला. सांगाड्याच्या जिनेखाली वजन जास्त जागेवर पसरलेलं आढळलं आणि ट्रीलेसखाली सर्वांत जास्त दाब वाढलेला, तोही बैठकीच्या हाडांखाली. ११ किलोपास्कलच्या वरच्या दाबाची जागाही तिथे मोठी. ११ किलोपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ११२ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या अशा सततच्या दाबाने दबतात. हा अभ्यास ठरावीक जिनांचा आणि मोजक्या घोड्यांचा, सगळ्या ट्रीलेसवर त्याने शिक्का मारू नये. मला पटला कारण मामांच्या घोड्याच्या पाठीवर मी तेच बोटांनी वाचलं होतं.

मामांना मी नाही म्हणालो. भाड्याच्या घोड्यावर दर तासाला नवा माणूस बसतो. आता शेलाटी कॉलेजातली मुलगी, मग नव्वद किलोचे काका. दोघांनाही बसता येत नाही, उतारावर दोघंही मागे रेलतात, एका रिकिबीवर जोर देऊन फोटोसाठी वळतात. अशा वजनाला मधे काहीतरी ताठ लागतंच. मामा थोडे रुसले. "मग आमचे घोडे असेच का?" असेच नाही. त्यांच्या घोड्यांसाठी मी कमान बदलता येणाऱ्या जिना सुचवल्या. विन्टेकसारख्या सिंथेटिक जिनांत पुढची पोलादी कमान स्क्रू काढून बदलता येते आणि तिला रंगांची खूण असते: पिवळी अरुंद, काळी मध्यम, लाल रुंद, पांढरी त्याहून रुंद. ज्यांना त्या परवडल्या नाहीत त्यांच्या जुन्या जिना मी पाठीनुसार वाटून दिल्या. रुंद कमानीची गोल तट्टांना, अरुंद जुन्या रेसच्या घोड्यांना, आणि प्रत्येक जिनेच्या आत घोड्याचं नाव मार्करने लिहिलं. एवढ्यानेच निम्म्या पाठी सुधारल्या. माझ्या मते माथेरानमध्ये नवी जीन आणण्यापेक्षा 'ही जीन या घोड्याचीच' ही शिस्त आणणं अवघड होतं आणि स्वस्तही.

खरं तर बिनसांगाड्याची जीन आपल्याकडे परदेशातून आली असं म्हणणं हास्यास्पद आहे. मराठा घोडेस्वाराचं खोगीर म्हणजे काय होतं? भरलेली, टाचलेली गादीच. तिच्यावर शिलेदार भीमथडी तट्टांवरून मुलूख पालथा घालत. पण शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, सामान कमी, आणि घोडाच कमाईचं साधन असल्यामुळे पाठ लागली की नुकसान त्याच्या खिशाला. उलट ज्या लष्करात सरकारी जीन कुठल्याही घोड्यावर कुठल्याही शिपायाने घालायची, तिथे वाट वेगळी धरली गेली. ब्रिटिश घोडदळाच्या १९१२ च्या युनिव्हर्सल पॅटर्न जिनेत सांगाडा तर होताच, पण त्याच्या पोलादी कमानी बिजागरीवर हलत, म्हणजे बाजूच्या फळ्या पाठीच्या उतारानुसार आपोआप बसत; आणि खाली घडी घातलेलं ब्लँकेट, ज्याची घडी घोडा बारीक झाला की वाढवायची. एक माणूस-एक घोडा असेल तर खोगीर, कोणीही-कुठलाही असेल तर सांगाडा. ताई आणि मामा यांच्यात फरक होता तो एवढाच.

मधेच वरातीच्या घोडीबद्दल बोललं पाहिजे, कारण अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात लग्नसराईत तिचं काम जास्त. तिच्या जिनेवर मखमल, जरी, आरसे. खाली बघितलं तर बरेचदा वाकवलेली पाइप आणि पत्रा. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर वजन प्रत्येक पावलाला थोडं हलतं. वरातीत घोडी डीजेसमोर दोन-दोन तास उभी, वर हलतं ते फक्त नवरदेवाचं मुंडावळीतलं डोकं. एकाच जागी दाब. तिथे ट्रीलेस की ट्री हा वादच निरर्थक आहे. पत्र्याखाली जाड नमदा, त्याखाली कोरडी घोंगडी आणि तासाने नवरदेवाला उतरवणं, एवढंच मागतो मी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी खरबरीत असते, म्हणून सरकत नाही आणि घामही पिते. उतरवण्याची अट मात्र कोणी पाळत नाही, कारण नवरदेव उतरला की फोटोग्राफर ओरडतो.

जिनेचा दोष काढायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आता आधी घोडा मोकळा, सरळ रेषेत, दुडक्या चालीत चालवून दाखवायला सांगतो. कारण जीन सतत एकाच बाजूला सरकत असेल तर दोष दरवेळी गादीत नसतो. लीन ग्रेवे आणि सू डायसन या पशुवैद्यांनी २०१३ च्या सुमारास दाखवून दिलं की जीन सरकण्याचं एक मोठं कारण मागच्या पायाचं लंगडणं. आणि ते इतकं बारीक असतं की डोळ्याला सहज दिसत नाही. पाय बधिर केला की जीन सरळ बसायची. अशा घोड्याला तुम्ही हजारोंची ट्रीलेस आणलीत तर ती उलट जास्तच कलेल, कारण तिला धरून ठेवणारी कमान नाही. माझ्याकडून दोन माणसं डॉक्टरकडे गेली आणि परत जीन घ्यायला आली नाहीत. धंद्याचं नुकसान.

तर कोणाला काय, असं विचारलं की मी उत्तराऐवजी प्रश्न विचारतो. पाठ गोल की उंचवट्याची? हाडकुळ्या उंचवट्याला मऊ जीन सांभाळून, कारण खाली काही उचलून धरायला नाही आणि मधला भाग हाडावर येतो. स्वार एक की अनेक? वजन किती? चढायला ओटा आहे का? रिकिबीवर उभं राहून पळवता का? ट्रीलेसमध्ये रिकिबीचा सगळा जोर त्या आडव्या पट्ट्याच्या अरुंद ओळीवर येतो, म्हणून जास्त उठबस करणाऱ्याला मी सांगाडाच सुचवतो. घोडा वयाने वाढतोय का? तीन-चार वर्षांच्या शिंगराची पाठ दर काही महिन्यांनी बदलते. तिथे चांगलं पॅड घेऊन ट्रीलेस काही काळ घालणं मला शहाणपणाचं वाटतं, दरवेळी नवा सांगाडा कोण घेणार? उत्तरं ऐकून बरेचदा गिऱ्हाईकच म्हणतं, मग आहे तीच भरून द्या.

एकाच घोड्यापुढे मी अजून हात टेकले आहेत. तोच बदलापूरच्या फार्मवरचा, रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड. उंचवटा एवढा धारदार आणि मागचे खळगे एवढे खोल की अरुंद कमान खळग्यात रुतते, रुंद खाली बसते, आणि ट्रीलेसचं पॅड कितीही भरलं तरी बैठक कण्याकडे उतरते. सरांनी मला बरेच फोन केले. शेवटी ठरलं ते असं: सध्या त्याच्यावर कोणी बसायचं नाही. लांब लगामावर, जमिनीवरून, चढ-उतारावर चालवायचं, पोट आणि पाठ आवळेल असं काम द्यायचं, चंदी वाढवायची. खळगे भरले की मग माप. सरांच्या मोतद्दाराला हे पटलेलं नाही, तो म्हणतो घोडा खातोय आणि काम काही नाही. मी नवरात्रात केबल घेऊन जाणार आहे. गेल्या मापाचा कागद भिंतीला टाचून ठेवला आहे, त्यावर नवी रेघ कुठे पडते ते बघू, मग सरांनी कुठली जीन मागवायची ते ठरवू.